अकराव्या चौकीची गाडी

जानिलच्या सगळ्या नोकरीत एकच वाक्य महत्त्वाचे होते, आणि ते तिला बोलायचे नसे, ऐकायचे असे.

"चौकी एक. कोणी नाही, मीही नाही."

हे ऐकले की वहीत पहिल्या ओळीपुढे खूण. मग चौकी दोन, मग तीन. अशा तेवीस चौक्या. तेवीस खुणा पूर्ण झाल्या की ती नियंत्रण कक्षाला जोडून म्हणे, "माळ रिकामा आहे," आणि त्यानंतरच पुढची कामे हलत. रॉकेटमधून नुसती यंत्रे जायची असली तरी नियम हाच. माणसे जायची असली तर अधिकच कडक. जानिलचे शब्द पोहोचल्याशिवाय तिघा अंतराळवीरांना रॉकेटच्या शिडीची पहिली पायरीसुद्धा चढू देत नसत.

चौक्या उड्डाणाच्या ओट्याभोवती लांबलांब पसरलेल्या होत्या आणि प्रत्येकीत एक शिपाई असे. त्याने आपल्या वाट्याचा माळ फिरून पाहायचा. चुकलेला उंट असो, मेंढरांमागचा धनगर असो, की पडलेले पत्रे गोळा करत हिंडणारा कुणी असो, त्याला हाकलून लावायचे. मग शिपायाला उचलणारी गाडी येई, चार-चार चौक्यांमागे एक. चौकीतल्या टेलिफोनची वायर मुद्दाम लांब ठेवलेली असे. शिपायाने फोन दाराबाहेर आणायचा, एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवायचा आणि मगच ते वाक्य म्हणायचे. दोन्ही पाय जमिनीवर असताना ते वाक्य म्हणणाऱ्याला महिनाभर भांडी घासावी लागत.

नवे शिपाई हसत. "मी नाही, तर मग बोलतंय कोण?" असे प्रत्येक तुकडीत कुणीतरी एकदा तरी विचारीच. दोन-तीन उड्डाणे झाली की विचारणाराच आपोआप गप्प होई. माळावर एकट्याने उभे राहून, वाऱ्यात, आपण नाही असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे, यात हसण्यासारखे फारसे काही उरत नसे.

जानिल कोस्कुदुकची. सिरदर्या नदीच्या अलीकडे रेल्वेच्या कडेला वसलेले हे गाव. वडील लाइनवर कामाला होते. एकोणिसाव्या वर्षी ती रॉकेटतळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि तिला झिनाइदा पेत्रोव्नाच्या हाताखाली बसवले. झिनाइदा तेव्हा पस्तिशीची. केस मागे घट्ट बांधलेले, बोलणे मोजके आणि वहीवरचे अक्षर छापल्यासारखे. तिने जानिलला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली.

"आपण आधी प्लग काढायचा नाही. पलीकडचा फोन ठेवल्याचा आवाज येऊ दे, मग काढ. कितीही घाई असू दे."

"आणि बाई, पुढच्या चौकीचा दिवा लुकलुकत असला तर?"

"लुकलुकू दे."

पहिल्या उड्डाणाच्या वेळी जानिल शेजारी बसून पाहत होती. एक ते दहा चौक्या झाल्या. बोर्डावरच्या अकराव्या भोकात झिनाइदाने प्लग घातला. घंटा वाजू लागली. एक, दोन, तीन. झिनाइदाचे बोट प्रत्येक घंटेबरोबर टेबलावर टेकत होते. कुणी उचलले नाही. तिने प्लग काढला, अकराच्या ओळीपुढे खूण केली आणि बाराव्या चौकीला हात घातला.

काम आटोपल्यावर जानिलने भीतभीत विचारले. तेव्हा तिला सांगण्यात आले की अकरावी चौकी बंद आहे. तिथे कुणी नसते. अकरा वर्षांपूर्वी एक रॉकेट सुटल्या सुटल्या कलले आणि त्या बाजूला कोसळले. चौकीत अर्सेनी कोपिलोव नावाचा वीस वर्षांचा शिपाई होता. पुढे तिथे टेलिफोनचा वितळून झालेला गोळा सापडला. बाकी काही नाही.

त्या काळी वाक्य अर्धेच होते. "कोणी नाही," एवढेच. कोपिलोवने आपला माळ पाहिला, फोन उचलला आणि सांगितले, "चौकी अकरा. कोणी नाही." सगळ्यांना मोजले, स्वतःला मोजायचे राहिले. एक्स्चेंजमध्ये खूण झाली. शिपायांना उचलणारी गाडी दहाव्या चौकीपाशी टायर फुटून अडकली होती. ड्रायव्हरने तिथून फोन करून कुठल्या चौक्या राहिल्या ते विचारले, तेव्हा वही पाहून त्याला सांगितले गेले की अकरा झाली, थेट बाराला जा. तो थेट बाराला गेला.

वाक्याचे उरलेले अर्धे त्यानंतर जोडले गेले. मीही नाही.

"मग वहीतून अकरा नंबर काढून का टाकत नाहीत?" जानिलने विचारले.

काढला होता एकदा. एका नव्या अधिकाऱ्याने लाल शाईने रेघ मारून बावीसच चौक्या ठेवल्या होत्या. त्या दिवशी रॉकेट ओट्यावरून हललेच नाही. इंजिने पेटली आणि विझली. कुणाला इजा झाली नाही, कारणही पुढे सापडले. कुठली तरी झडप होती. पण दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने, नव्या पानावर, अकरा नंबर परत लिहिला. तळावर मोठमोठी गणिते करणारी माणसे होती, पण उड्डाणाच्या दिवशी रुळलेली रीत मोडायची त्यांची छाती नव्हती.

"पण घंटा कशाला वाजवायची? उचलणार कोण?"

झिनाइदाने वही मिटली. "उचलावं म्हणून नाही गं. आपण विसरलो नाही, एवढं कळावं म्हणून."

कुणाला कळावे, हे जानिलने विचारले नाही.

वर्षे गेली. जानिलचे लग्न गावातल्याच एर्देनशी झाले. तो तळावर केबल टाकणाऱ्यांच्या टोळीत होता. मग देश बदलला, झेंडे बदलले, आणि तो वाईट काळ आला ज्याबद्दल कोस्कुदुकमध्ये आजही कुणी फारसे बोलत नाही. गावात महिनोन्महिने पगार नाही, घरात कोळसा नाही. रशियन कुटुंबे एकामागून एक सामान बांधून निघून जाऊ लागली. झिनाइदाचीही भाची पेन्झा शहरात होती. तीही निघाली.

स्टेशनवर पोहोचवायला जानिल एकटीच गेली होती. गाडी लेट होती. ट्रंकेवर बसल्या बसल्या झिनाइदाने तिला ती गोष्ट सांगितली, जी तिने चौकशी समितीलाही सांगितली नव्हती.

"त्या दिवशी पाळीवर मी होते. चोवीस वर्षांची. तो म्हणाला, कोणी नाही. बारा नंबर लुकलुकत होता, म्हणून मी प्लग काढला. काढता काढता ऐकू आलं, तो म्हणत होता, पण गाडी..." तिने हातमोजे काढले आणि परत घातले. "तेवढंच. पण गाडी. पुढचं माझ्या हातानं तुटलं."

गाडी आली, ट्रंक चढली. दारातून झिनाइदा म्हणाली, "तू वाजवत राहशील ना?" जानिलने मान हलवली.

त्याच हिवाळ्यात एर्देन एका रात्री उशिरा घरी आला तो हातापायांनी काळा होऊन. त्या दिवसांत सगळा गाव माळावर तांबे खणत होता. जमिनीतली जुनी केबल ओढून काढायची, रबर जाळायचे आणि तांबे वजनावर विकायचे. ज्यांनी ती पुरली तेच उपसत होते. जानिल काही बोलली नाही, कारण मुलांच्या ताटात जे पडत होते ते त्यातूनच येत होते. सकाळी अंगणात वेटोळी पडली होती आणि त्यांच्या एका टोकाला जस्ताचा बिल्ला लटकत होता. त्यावर ठोकलेला आकडा होता, अकरा.

"ही कुठली ओढलीस?"

"कुणाच्या उपयोगाची नव्हती," एर्देन म्हणाला. तो चहाच्या वाडग्यात पाहत होता. मग म्हणाला, "जानिल, सगळी काढली. एक हातभरसुद्धा ठेवली नाही. पण शेवटचे वीसेक हात काढताना जड जायला लागली. वाळूत अडकली असेल म्हणून क्षणभर हात सोडला, कमरेला हात लावून उभा राहिलो. तर ती परत आत जात होती. सावकाश. कुणी पलीकडून गोळा करत असल्यासारखी."

"मग?"

"मग काय. कुऱ्हाडीनं तोडली आणि पळालो."

एर्देन भित्रा नव्हता. पुन्हा त्या बाजूला तांब्यासाठी मात्र तो कधी गेला नाही, आणि ही गोष्टही त्याने परत काढली नाही.

पुढचे उड्डाण तीन आठवड्यांनी होते. जानिल बोर्डासमोर बसली तेव्हा तिला माहीत होते की अकराच्या भोकामागे आता काहीही नाही. तार तिच्याच अंगणात जळली होती. आता भोक मुके असेल, नुसती शांतता ऐकू येईल, मग खूण करू आणि पुढे जाऊ, असे तिने मनाशी ठरवले होते. दहावी चौकी झाली. तिने प्लग घातला.

घंटा वाजली. नेहमीसारखीच, दूर, जरा बसक्या आवाजात. एक, दोन, तीन.

तिने खूण केली. मग बाराव्या चौकीला जोडले. घरी येऊन तिने एर्देनला सांगितले नाही आणि तो गेला तोपर्यंत कधीच सांगितले नाही. फुप्फुसाच्या दुखण्याने तो बारा वर्षांनी गेला. तळावर नवी यंत्रे आली, शेजारच्या खोलीत संगणकाचे पडदे लागले, पण चौक्यांचा जुना बोर्ड जागचा हलला नाही, कारण चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही असा तिथला दंडक होता. जानिल दर वेळी तीन घंटा वाजवत राहिली. न उचलला जाणारा फोन आणि त्यापुढे बरोबरची खूण. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत तिने खोटी अशी ही एकच नोंद केली, पण ती केली शेकडो वेळा.

निवृत्तीआधीचे तिचे शेवटचे उड्डाण मार्चअखेरीस आले. माणसांचे उड्डाण. नौरोझचा वसंतातला सण नुकताच होऊन गेला होता आणि बर्फ वितळून माळाचा चिखल झाला होता. जानिल सकाळी डब्यातून बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, घेऊन आली. तिचा धाकटा दीर तोक्तार तळावरच ड्रायव्हर होता. तो जिन्यातच डबा उघडून बसला.

"वहिनी, उद्यापासून तुझ्यावाचून हे रॉकेट उडणार कसं गं?"

"जसं तुझ्यावाचून माझं स्वयंपाकघर चालतं तसं. उलट बाउरसाक तरी कमी होत नाहीत."

"चार कमी होतील. मोजून घे." तोक्तारने सहा उचलले.

पाळीचा प्रमुख ग्लेब अर्कादियेविच होता. चाळिशीचा, सरळ माणूस. तीन वर्षांपूर्वी बदलून आलेला. त्याने आपल्या हाताने जानिलला चहा आणून दिला आणि म्हणाला की दुपारी सगळे तिच्यासाठी थांबणार आहेत, साहेबही येणार आहेत. साडेनऊ वाजले होते. तिघे अंतराळवीर पोशाख चढवत होते. साडेअकराला त्यांची बस शिडीपाशी लागणार होती.

मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. शिपाई पोरे खुशीत होती. सातव्या चौकीचा म्हणाला, "कोणी नाही, मीही नाही, आणि आपा, तुम्हीही उद्यापासून नाही." जानिल हसली आणि त्याला दम दिला. आठ, नऊ, दहा.

अकरा. प्लग घातला. घंटा वाजली. एक. तिचे बोट टेबलावर टेकले. दोन. पुन्हा टेकले.

तिसरी घंटा वाजली नाही. पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता.

वारा ऐकू येत होता. माळावरचा वारा उघड्या दारातून आत घुसल्यावर होतो तसा आवाज. आणि त्यात एका तरुण माणसाचा श्वास.

"चौकी अकरा," जानिल म्हणाली.

"चौकी अकरा. कोणी नाही."

तो थांबला. बोर्डावर बारा नंबर लुकलुकू लागला. जानिलचा हात प्लगवर होता. तो तिने उचलून मांडीवर ठेवला. बारा लुकलुकत राहिला. मग तेराही लुकलुकू लागला.

"पण गाडी यायचीय अजून," पलीकडचा म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. संकोच होता, उगाच कामात अडथळा आणतोय असा.

"बरं," जानिल म्हणाली. "पाठवते."

मग फोन ठेवल्याचा आवाज झाला. तेव्हा तिने प्लग काढला.

बारा ते तेवीस चौक्या तिने नीट पुऱ्या केल्या, कारण ते काम होते. बावीस खुणा झाल्या. अकराची ओळ कोरी राहिली. तिने पेन खाली ठेवले आणि ग्लेबला बोलावले.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग ध्वनिमुद्रण लावले, कारण आता प्रत्येक बोलणे साठवले जात होते. यंत्रातून दोन घंटा ऐकू आल्या. मग जानिलचा आवाज, "चौकी अकरा." मग काहीच नाही. बराच वेळ. मग पुन्हा जानिल, "बरं. पाठवते."

"आपा," ग्लेब हळू आवाजात म्हणाला, "शेवटचा दिवस आहे. होतं असं. ती चौकी नाहीच आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नेहमीसारखी खूण करा."

"नेहमी कुणी उचलत नव्हतं."

"आत्ताही कुणी उचललं नाही. यंत्र सांगतंय."

"यंत्रात तिसरी घंटा आहे का?"

ग्लेबने मुद्रण पुन्हा लावून पाहिले. दोनच घंटा होत्या.

"जिवंत माणूस असला तर?" जानिल म्हणाली. "पत्रे वेचणारा असेल, पाय मोडून पडला असेल. मी काय सांगू वर, माळ रिकामा आहे? गाडी जाऊन पाहून येऊ दे. वीस मिनिटं जायला, वीस यायला. तोवर माझ्या हातून ही खूण होणार नाही."

"आणि मी केली तर?"

"करा. पेन तिथे आहे."

ग्लेबने पेन उचलले. बारा नंबरच्या ओळीवर बोट ठेवले, मग एक ओळ वर सरकवले. अकराच्या कोऱ्या चौकटीकडे तो पाहत राहिला. उड्डाण थांबले तर वरून फोन येतील, त्याची नोकरी जाईल आणि या बाईला शेवटच्या दिवशी मान खाली घालून जावे लागेल, हे दोघांनाही कळत होते. तिकडे तिघांची बस निघायच्या तयारीत होती. ग्लेबने पेन खाली ठेवले.

"तोक्तारला पाठवा," तो म्हणाला. "साडेअकराच्या आत. आणि कारण विचारलं तर केबलची तपासणी म्हणून लिहा."

दहा वाजून बावीस मिनिटांनी तोक्तारची मोटर निघाली. मागे माणसे बसवायची बंद पेटीची मोटर होती ती. वीस मिनिटे गेली. जानिलने चहा हातात धरला, पण प्यायली नाही. मग वायरलेसवर खरखर झाली.

"वहिनी, पोहोचलो. काय बघू?"

"काय आहे ते सांग."

"काय असणार? छप्पर नाही. आत गुडघाभर पाणी, बर्फाचं. एक गंजलेली खाट. भिंतीवर टेलिफोन अडकवायचा आकडा आहे, टेलिफोन नाही." पाण्यातून चालल्याचा आवाज आला. "भोवती फिरून पाहिलं. चिखलात माझ्याखेरीज पावलं नाहीत. चिटपाखरू नाही इथं. तू सकाळी काय खाल्लंस? माझ्यासाठी ठेवायचं होतंस थोडं."

जानिलने ग्लेबकडे पाहिले. तो खिडकीकडे वळला होता.

"तोक्तार, ऐक. गाडी दाराला लावून उभी कर. मागचं दार उघड. थोडा वेळ उघडं ठेव. मग लावून घे आणि ये."

"कुणासाठी?"

"सांगते तेवढं कर."

"उघडतो. पाय पुसून बसायला सांगू का? गाडी कालच धुतलीय."

तो हसला. मग दाराच्या बिजागरीचा आवाज आला, आणि वारा. वायरलेस त्याने चालूच ठेवला होता. जानिल भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. दहा एकावन्न. दहा बावन्न. वारा एकाएकी थांबला. दार बंद झाल्याचा आवाज झाला, पण तोक्तारची पावले त्यानंतर वाजली. मोटरच्या पुढच्या बाजूकडून मागे येणारी.

मग तो बोलला तेव्हा आवाजातली सगळी थट्टा गेली होती. तो जन्मात कधी चौकीवर शिपाई नव्हता आणि ते वाक्य म्हणायला त्याला कुणी सांगितलेही नव्हते.

"चौकी अकरा," तोक्तार म्हणाला. "कोणी नाही, मीही नाही."

जानिलने खूण केली. शेऱ्याच्या रकान्यात तिने त्या वहीत प्रथमच काहीतरी लिहिले: गाडी मिळाली, १०.५२. मग नियंत्रण कक्षाला जोडले आणि म्हणाली, "माळ रिकामा आहे."

तिघे शिडी चढले. दुपारी ठरल्या मिनिटाला खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, टेबलावरचा चहा गोल गोल हलला आणि माळावर दुसरा सूर्य उगवावा तसा उजेड झाला. तो उजेड सरळ वर गेला, कुठेही न कलता. नऊ मिनिटांनी वरून खुशाली आली. टाळ्या वाजल्या, साहेबांनी जानिलला फुले दिली, भाषण केले. ग्लेबने त्या अर्ध्या तासाचा विषय काढला नाही, वहीतल्या शेऱ्याखाली सही मात्र केली.

तोक्तार संध्याकाळी घरी आला. जानिलने चहा पुढे ठेवला, त्यात मीठ आणि दूध त्याला आवडते तसे. बाउरसाकच्या डब्याला त्याने हात लावला नाही.

"जाताना मागची चाकं चिखलात घसरत होती, रिकामी गाडी घसरते तशी," तो म्हणाला. "येताना नाही घसरली."

जानिलने त्याच्या वाडग्यात आणखी चहा ओतला.

"आरशात पाहिलं नाही मी. पाहू नये असं वाटलं. जुन्या फाटकापाशी, पूर्वी शिपायांना उतरवायचे तिथं, थांबलो. खाली उतरून दार उघडलं. थोडा वेळ तिथंच सिगरेट ओढली. मग गाडी उचलल्यासारखी वर झाली जराशी. तेव्हा दार लावलं."

"काही दिसलं?"

"मागच्या बाकावर धूळ होती. वहिनी, चिखलाचे दिवस आहेत. धूळ कुठून येणार?"

त्याने चहा संपवला आणि पाठ न फिरवता, दाराकडे तोंड करूनच, बूट घातले.

दुसऱ्या दिवशी जानिल चावी द्यायला एक्स्चेंजमध्ये गेली. नवी मुलगी अजून आली नव्हती. जानिल बोर्डासमोर उभी राहिली आणि तिने अकराच्या भोकात प्लग घातला. घंटा नव्हती. वारा नव्हता. लाकडाला कान लावावा तसे ते भोक मुके होते. तिने पाच मिनिटे वाट पाहिली आणि प्लग काढून खुंटीला लावला.

मग तिने पेन्झाला फोन लावला. झिनाइदा पेत्रोव्ना आता शहात्तरीला आली होती. ऐकायला कमी येत होते आणि भाची फोन तिच्या कानाशी धरून ठेवी. जानिलने आपण कोण ते दोनदा सांगितले. मग म्हणाली, "बाई, अकराला गाडी गेली होती काल."

पलीकडे इतका वेळ काहीच आले नाही की फोन तुटला असे वाटावे. पण जानिलला तुटलेल्या फोनचा आणि गप्प माणसाचा आवाज वेगळा ओळखता येत होता.

"काय म्हणाला?" म्हातारीने विचारले.

"गाडी यायचीय अजून, म्हणाला. मी ऐकून घेतलं, बाई. सगळं बोलू दिलं."

"बाहेर थंडी होती?"

"फार नव्हती. बर्फ वितळत होतं."

"खूण केलीस?"

"केली. गाडीचं दार लागल्यावर."

"बरं," झिनाइदा म्हणाली. मग जरा दटावल्यासारखी, तीच जुनी पस्तिशीची बाई बोलावी तशी: "मग ठेव आता. किती वेळ लाइन अडवून बसशील?"

जानिलने ठेवला नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ती रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली.